नको असलेल्या ओळी

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोळावा खंड नाशिक जिल्ह्याचा. तो १८८३ साली प्रसिद्ध झाला. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या या मालेचे ऋण महाराष्ट्रातल्या प्रत्येक स्थानिक अभ्यासकाच्या डोक्यावर आहे, मग तो ते कबूल करो वा न करो. नाशिकवर काही लिहायचे म्हटले की हा खंड उघडावाच लागतो. आता तो स्कॅन केलेल्या पानांवरून यंत्राने ओळखलेल्या मजकुराच्या रूपातही मिळतो. जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन बसण्याऐवजी हवा तो शब्द संगणकावर शोधता येतो, याचा मला पहिल्यांदा फार आनंद झाला.

आनंद फार टिकला नाही. यंत्राला पान दिसते, पुस्तक दिसत नाही. पानाच्या माथ्यावर छापलेले मालेचे नाव, ‘डेक्कन’, ‘नासिक’, पृष्ठांक, समासात बारीक टाइपात दिलेले प्रकरणाचे नाव, हे सगळे यंत्राने इमानेइतबारे मजकुरातच ओतले होते. गोदावरीच्या घाटांचे वर्णन चालू असताना वाक्याच्या मध्येच ‘नासिक’ म्हणून एक ओळ उभी राहायची, पुढे एक आकडा, आणि मग वाक्य पुन्हा चालू. तांदळात खडे यावेत तसे.

खडे काढायचे म्हणून मी एक स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणण्याइतकी ती मोठी नव्हती. ज्या ओळीत ‘बाँबे गॅझेटियर’ आहे ती टाक, ज्या ओळीत ‘डेक्कन’ आहे ती टाक, ज्या ओळीत ‘नासिक’ आहे ती टाक, ज्या ओळीत नुसता आकडा आहे ती टाक. चार आज्ञा. माथ्यावरची नावे मोठ्या लिपीत आणि मजकुरातली लहान लिपीत असल्याने अडचण यायला नको होती. पण यंत्राने काही ठिकाणी मोठी अक्षरे लहान वाचली होती, म्हणून लहानमोठ्याचा भेद करू नकोस असेही मी तिला सांगून ठेवले. क्षणार्धात काम झाले. मजकूर स्वच्छ दिसू लागला. दोन दिवसांनी मी त्यात नाशिक शहरावरचा लेख वाचायला घेतला, तर नाशिकच्या लेखात नाशिकच नाही!

ज्या ज्या ओळीत गावाचे नाव होते ती प्रत्येक ओळ गेली होती. छापील पुस्तकात ओळ जिथे तुटते तिथेच यंत्राचीही तुटते, त्यामुळे वाक्याचे पहिले अंग राहिले आणि मधले गेले, असे झाले होते. मधून मधून एखादे नाव वाचले होते, पण ते यंत्राच्या चुकीने. कॅम्बेलच्या खंडात दीर्घ ‘आ’ दाखवायला अक्षरावर तिरपी खूण असते. ती खूण यंत्राला जिथे कळली नाही तिथे त्याने भलतेच चिन्ह घातले, आणि तेवढी नावे माझ्या चाळणीतून निसटली. चुकीच्या स्पेलिंगचे नाशिक राहिले आणि बरोबर स्पेलिंगचे गेले.

चूक उघडपणे माझी होती. पण तिच्यातली एक गोष्ट मनातून जाईना. दोन दिवस मला काही कळले नव्हते. काय टाकले हे स्क्रिप्टने सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते. मग लक्षात आले की ग्रंथातून नको असलेल्या ओळी काढण्याचा उद्योग आपल्याकडे संगणकाच्या कितीतरी आधीपासून चालू आहे, आणि त्यातले काही मोठे प्रयोग याच नदीच्या काठच्या माणसांनी केले आहेत. त्यांनी टाकलेल्या ओळींचे काय केले, हे पाहावे असे वाटले.

आधी यंत्राकडचा इतिहास थोडक्यात. ओळी गाळण्याच्या ज्या आज्ञेला संगणकवाले ‘ग्रेप’ म्हणतात ती अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, बेल प्रयोगशाळेत, केन थॉम्पसन यांनी लिहिली आणि १९७३ साली ती युनिक्स प्रणालीच्या चौथ्या आवृत्तीत आली. नावाची गंमत अशी की ते नाव नाहीच. ‘एड’ नावाच्या जुन्या संपादक-प्रोग्रामात ‘सगळ्या मजकुरात हा नमुना शोध आणि छाप’ असे सांगायला जी संक्षिप्त आज्ञा द्यावी लागे, तिचीच आद्याक्षरे एकत्र आली. या आज्ञेला ‘व्ही’ अशी खूण जोडली की तिचा अर्थ उलटतो. मग ती नमुना जुळणाऱ्या ओळी सोडून उरलेल्या दाखवते. माझ्या चार आज्ञा या उलट्या जातीच्या होत्या.

ही आज्ञा कशासाठी जन्मली, ते साहित्याच्या वाचकांना जास्त रुचेल. थॉम्पसन यांचे सहकारी ली मॅकमहोन यांना ‘फेडरलिस्ट पेपर्स’चा अभ्यास करायचा होता. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने १७८७-८८ साली वृत्तपत्रांत छापले गेलेले हे ८५ निबंध. सगळे ‘पब्लियस’ या एकाच टोपणनावाने. लिहिणारे तिघे होते, हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे. आणि त्यांतल्या १२ निबंधांबद्दल ते हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद दीडशे वर्षे चालला होता. १९६४ साली मोस्टेलर आणि वॉलेस या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी साध्या साध्या शब्दांच्या मोजणीवरून ते मॅडिसनच्या पदरात घातले. मॅकमहोन यांना हाच मजकूर चाळायचा होता, पण ‘एड’ला एका वेळी एवढा मजकूर झेपत नव्हता. ब्रायन कर्निहन यांनी सांगितलेल्या हकीकतीप्रमाणे थॉम्पसन यांनी एका रात्रीत शोधाचा तेवढा भाग वेगळा काढून दिला. म्हणजे आज जगभरातले प्रोग्रामर सर्व्हरच्या नोंदींतला कचरा काढायला दिवसातून पन्नासदा जी आज्ञा वापरतात, तिच्या मुळाशी ‘ही ओळ कोणाची?’ हा पाठचिकित्सेचा प्रश्न होता.

तोच प्रश्न शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणला एकनाथांपुढे होता. ग्रंथ ज्ञानेश्वरी. नेवाशाला ती सांगितली गेली शके १२१२ मध्ये. मधल्या तीनशे वर्षांत हाताने नकला होत होत पाठ बदलले होते आणि परक्या ओव्या शिरल्या होत्या. नाथांनी प्रती मिळवून, ताडून, ग्रंथ शुद्ध केला. ग्रंथाच्या शेवटी त्यांनी काही ओव्या जोडल्या. त्यांत शक, तारण संवत्सर आणि भाद्रपदातली कपिलाषष्ठी अशी तिथी नोंदवली, ग्रंथ मुळात शुद्धच होता पण पाठांतराने बिघडला होता असे सांगितले, आणि यापुढे यात आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे, अशी तंबी दिली. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. लहानपणी पारायणात ही ओवी ऐकताना मला ताटातली करवंटी डोळ्यांपुढे दिसायची आणि हसू यायचे.

ही तंबी स्वतःच ज्ञानेश्वरांची नाही. तिचा नियम कडक लावायचा तर पहिल्यांदा तिलाच काढावे लागेल. तरीही ती आज बहुतेक प्रतींत छापली जाते आणि पारायणात म्हटली जाते, आणि ते योग्यच आहे. कारण ती कोणी लिहिली, केव्हा लिहिली, कशासाठी लिहिली हे तिनेच सांगून ठेवले आहे. जी ओळ आपली ओळख लपवत नाही, तिचा उपद्रव होत नाही.

नाथांनी एक मात्र सांगितले नाही. काढलेल्या ओव्या कोणत्या? किती प्रती पाहिल्या, त्या कुठून आल्या, एखाद्या ठिकाणी दोन पाठांमधून हाच का निवडला, याची नोंद आपल्याकडे नाही. त्या काळी तशी रीत नव्हती, तेव्हा हा दोष देण्याचा विषय नाही. पण परिणाम व्हायचा तो झाला. नाथांची प्रत इतकी सर्वमान्य झाली की तिच्या अलीकडे येऊन मूळ पाठ पाहणे पुढच्या अभ्यासकाला फार कठीण होऊन बसले. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १९०९ साली नाथांच्या आधीची म्हणून एक प्रत प्रसिद्ध केली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले, तेव्हा ती खरोखर तेवढी जुनी का, यावर वाद झाला आणि तो पुष्कळ वर्षे चालला. असा वाद मिटवायला जी सामग्री लागते तीच शिल्लक नव्हती. नाथांनी टाकलेल्या ओव्या कुठे एका बाडात बांधून ठेवलेल्या असत्या, तर राजवाड्यांच्या प्रतीतली एकेक ओवी त्या बाडाशी लावून पाहता आली असती.

पैठणहून गोदावरीच्या काठाकाठाने नाशिककडे येऊ लागलो की वाटेत कोपरगाव लागते. तिथल्या चतुर्धर घराण्यातला नीलकंठ सतराव्या शतकात काशीला स्थायिक झाला आणि त्याने ‘भारतभावदीप’ ही महाभारताची टीका लिहिली. पुढे दोनअडीचशे वर्षे बहुतेक हिंदुस्थान महाभारत म्हणून जे वाचत होता ते याच नीलकंठाच्या पाठाच्या अंगाने. त्यानेही देशोदेशीच्या पोथ्या गोळा केल्या होत्या. पण त्याचे धोरण नाथांच्या अगदी उलट होते. जिथे जे चांगले सापडेल ते घ्यायचे, अलीकडच्या पोथीत असले तरी घ्यायचे. त्याला महाभारत हा सर्व गुणांचा साठा करायचा होता. त्यामुळे त्याच्या पाठात फारसे काही हरवत नाही. फक्त कोणती ओळ कुठून आली, ते कळेनासे होते. काढले तर काय काढले ते कळत नाही, ठेवले तर काय मागून आले ते कळत नाही, अशी ही जोडी एकाच नदीच्या काठी उपजली.

या अडचणीतून वाट काढली ती पुण्यात, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत. आणि त्या वाटेचे एक टोक नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे, असे म्हटले तर अगदीच ओढूनताणून होणार नाही. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवरचा निबंध १८७४ सालच्या लंडनच्या प्राच्यविद्या परिषदेसाठी होता. त्याच लेखांवर पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीही मोठे काम केले. मी ज्या गॅझेटियरचा सत्यानाश केला त्यातले पांडवलेण्यांचे वर्णन त्यांचेच आहे. शिलालेख वाचणाऱ्याला एक सुख असते. दगडावर मागाहून ओळ घुसवणे सोपे नाही, आणि घुसवलीच तर ती दिसते. अक्षरे झिजतात, दगड फुटतो, पण जे आहे ते त्या काळचे आहे.

लोकांच्या तोंडी मात्र दगडालाही नवी ओळ चिकटते. लेख सांगतात की डोंगर त्रिरश्मी, लेणी भिक्षुसंघासाठी, दाते सातवाहन, क्षत्रप आणि कितीतरी साधे उपासक. लोक म्हणतात, पांडवांची लेणी. मी हे नाव निव्वळ प्रक्षेप समजत होतो. पण तिसऱ्या लेण्यातल्या गौतमी बलश्रीच्या प्रसिद्ध लेखात तिच्या मुलाच्या, गौतमीपुत्र सातकर्णीच्या, पराक्रमाला उपमा दिल्या आहेत त्या राम, केशव, अर्जुन आणि भीमसेन यांच्या. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या त्या प्राकृत ओळीत दोन पांडव बसलेले आहेत. लोकांना ती लिपी वाचता येत नव्हती, तेव्हा नावाचा या ओळीशी संबंध नसावा. तरी कोणतीही गोष्ट ‘निव्वळ प्रक्षेप’ म्हणून टाकताना माझा हात तेव्हापासून जरा अडखळतो.

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आरंभ १ एप्रिल १९१९ रोजी वृद्ध भांडारकरांच्याच हस्ते झाला. तिला खरी शिस्त लागली ती १९२५ साली विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाल्यावर. हा माणूस मुळात गणिताचा. केंब्रिजला गणित शिकून मग बर्लिनला संस्कृताकडे वळलेला. त्यांनी बसवलेली कामाची रीत वाचताना ते पदोपदी जाणवते. उभ्या-आडव्या रेघांनी आखलेला मोठा कागद. त्यावर सगळ्यात वर प्रचलित पाठातला एक श्लोक ठळक अक्षरांत. खाली प्रत्येक पोथीला एक आडवी ओळ. पोथीत जिथे अक्षर वेगळे असेल तिथे, त्याच अक्षराच्या बरोबर खालच्या घरात, तेवढा फरक लिहायचा. फरक नसेल तिथे घर मोकळे. एका श्लोकाला एक कागद, आणि श्लोक सुमारे लाखभर! शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्या वाचणारे लोक हे करत होते. आज दोन फाइलींतला फरक दाखवणारी आज्ञा संगणकात असते. ती करते ते नेमके हेच, फक्त तिला पगार द्यावा लागत नाही आणि तिचे डोळे दुखत नाहीत.

आदिपर्वासाठी सुमारे साठ पोथ्या अशा ताडल्या गेल्या. पुढे सगळ्या पर्वांसाठी मिळून १,२५९ पोथ्या पाहिल्या गेल्या. सुकथनकरांचा मुख्य नियम सांगायला सोपा होता. उत्तरेची परंपरा आणि दक्षिणेची परंपरा जर एकमेकींपासून स्वतंत्र वाढल्या असतील, तर दोघींत जे सारखे आहे ते फाटा फुटण्याच्या आधीचे. एकीत आहे आणि दुसरीत नाही, त्याच्याकडे संशयाने पाहायचे. सांगायला सोपा, आणि लावताना हात भाजणारा. कारण या नियमातून पहिल्याच पर्वात कोण सापडले? गणपती! व्यासांनी सांगावे आणि गणेशाने लिहावे, लेखणी थांबता कामा नये ही त्याची अट आणि अर्थ कळल्याशिवाय लिहू नये ही व्यासांची, ही कथा आपल्यातल्या प्रत्येकाने शाळेच्या आधी ऐकलेली असते. ती काश्मीरच्या शारदा पोथ्यांत नव्हती आणि इतरही महत्त्वाच्या परंपरांत नव्हती. तेव्हा ती मूळ संहितेतून बाहेर गेली. पुण्यात बसून, गणेशोत्सवाच्या गावात, गणपतीला महाभारतातून बाहेर काढायचे, याला केवळ विद्वत्ता पुरत नाही.

सभापर्वाचे संपादन अमेरिकन पंडित फ्रँकलिन एजर्टन यांनी केले. तिथे द्रौपदीने कृष्णाचा धावा केला तो भाग असाच बाहेर गेला. संहितेत वस्त्रे येतात, एकामागून एक येत राहतात, पण ती पुरवणारा कृष्ण तिथे नाही. ज्यांनी कीर्तनात तो प्रसंग ऐकून डोळे पुसले आहेत त्यांना हे वाचताना काय वाटले असेल, याची कल्पना करता येते.

तरीही गणपती हरवला नाही आणि द्रौपदीचा धावाही हरवला नाही. सुकथनकरांचे मोठेपण इथे आहे असे मला वाटते. संहितेतून काढलेली प्रत्येक ओळ त्याच ग्रंथात छापली आहे. छोटी असेल तर पानाच्या तळाशी, क्रमांक देऊन, क्रमांकावर तारा काढून. मोठी असेल तर खंडाच्या शेवटी परिशिष्टात. शिवाय प्रत्येकीसोबत, ती कोणत्या पोथ्यांत आहे आणि कोणत्यांत नाही, याची सांकेतिक यादी. संहितेत ठेवलेल्या पण पुरेशी खात्री नसलेल्या शब्दांखाली नागमोडी रेघ. म्हणजे काढताना लेखा, आणि ठेवतानाही शंका असेल तर तिचा लेखा. ज्याला नियम पटत नाही त्याने तळटिपांतून हवी ती ओळ उचलून पुन्हा वर न्यावी. आपली संहिता म्हणजे व्यासांच्या हातची प्रत असा दावा सुकथनकरांनी केला नाही. उपलब्ध पोथ्यांच्या आधारे जितके मागे जाता येते तितके गेलो, एवढेच त्यांचे म्हणणे होते. ते १९४३ च्या जानेवारीत गेले. बेलवलकर आणि वैद्य यांनी प्रमुख संपादक म्हणून काम पुढे नेले आणि १९६६ साली, राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत, ते पुरे झाल्याचे जाहीर झाले. कितीतरी पानांवर वरच्या संहितेपेक्षा तळटिपाच जास्त जागा घेतात. वाचकाला त्याचा त्रास होतो. मलाही झाला आहे. माझ्या चार आज्ञांचा प्रताप पाहिल्यावर मात्र त्या बारीक टाइपाबद्दल माझे मत बदलले.

ताऱ्याचा विषय निघाला म्हणून एक आडवळण. नाशिकरोडला नोटांचा छापखाना १९२८ पासून आहे, त्यामुळे नोटांच्या गोष्टी आम्हा नाशिककरांना जरा जास्तच सुचतात. शंभर कोऱ्या नोटांच्या पुडक्यात क्रमांक ओळीने असत. एखादी नोट छपाईत बिघडली तर ती काढून तिच्या जागी त्याच क्रमांकाची दुसरी घालणे हे किचकट काम. २००६ साली रिझर्व्ह बँकेने १०, २० आणि ५० रुपयांच्या नोटांपुरती वेगळी तजवीज केली. बिघडलेलीच्या जागी येणाऱ्या नोटेवर क्रमांकाच्या आधी तारा असतो. मोल तेवढेच, पण इथली मूळची नोट काढली गेली आहे हे तिच्याकडे पाहून कळते. सुकथनकरांचा तारा काढलेल्या ओळीवर, रिझर्व्ह बँकेचा तारा बदली आलेल्या नोटेवर. माझ्या स्क्रिप्टमध्ये तारा होताच, पण तो तिसऱ्याच कामाचा. शोधाचा नमुना लिहिण्याची जी भाषा स्टीफन क्लीनी या गणितज्ञाच्या १९५६ सालच्या निबंधातून आली, तिच्यात ताऱ्याचा अर्थ ‘कितीही वेळा, अगदी एकदाही नसले तरी चालेल’ असा आहे. खूण एकच आणि तिघांचे तिच्याशी तीन व्यवहार.

पुढे हे दोन इतिहास एकमेकांना भेटले. जपानमधल्या क्योतोचे मुनेओ तोकुनागा यांनी चिकित्सक आवृत्तीची संहिता संगणकात उतरवली आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ती तपासून, सुधारून भांडारकर संस्थेच्या सहकार्याने उपलब्ध केली. एखादा शब्द महाभारतात कुठे कुठे येतो, हे आता ग्रेप एका श्वासात सांगते. पूर्वी त्याला आयुष्य लागे, किंवा घनपाठी मिळावा लागे. घनपाठाचा उल्लेख उगाच करत नाही. वैदिकांनी पद, क्रम, जटा, घन अशा उलटसुलट म्हणण्याच्या रीतींनी एक वेगळीच व्यवस्था करून ठेवली होती. नको असलेले अक्षर मागून काढण्याची वेळच येऊ नये, ते आत येतानाच अडखळावे, अशी. महाभारताला आणि ज्ञानेश्वरीला ते कुंपण नव्हते, म्हणून तर ते ग्रंथ लोकांचे झाले आणि म्हणूनच त्यांत लोकांच्या ओळी आल्या.

मराठी मजकुराच्या बाबतीत यंत्राची चाळणी आणखी एका ठिकाणी फसते, ते इथे सांगून ठेवतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. ‘आकडे असलेल्या ओळी काढ’ म्हटले की स्क्रिप्टला बहुधा इंग्रजी आकडेच कळतात. ओवीच्या शेवटचे दंडांमधले देवनागरी आकडे तिला अक्षरांसारखेच वाटतात, ते वेगळे सांगावे लागतात. दुसरी खोच ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ अशा शब्दांतल्या अर्ध्या र ची. युनिकोडमध्ये तो दोन वेगळ्या रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत नुक्ता असलेला ऱ वापरतात, दुसरीत साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही शब्द जुळ्या भावांसारखे दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते सर्वस्वी भिन्न आहेत. एकाला शोधले तर दुसरा सापडत नाही. जुन्या फाँटांत बांधलेल्या फाइली युनिकोडमध्ये आणल्या असतील तर एकाच लेखात दोन्ही निघतात. पोथ्यांच्या काळातल्या पाठभेदांना निदान डोळ्यांनी पाहता येत असे. हा पाठभेद दिसतच नाही.

गॅझेटियरवरची दुसरी स्क्रिप्ट मी सावकाश लिहिली. नाव पाहून नव्हे, जागा पाहून. पानाच्या माथ्यावरची ओळ एकटी असते, तिच्या आगेमागे पृष्ठांक असतो आणि तिच्यात तेवढेच एक नाव असते, दुसरा शब्द नसतो. हा नमुना लिहायला चार ओळी पुरल्या नाहीत, अकरा लागल्या. आणि एक बारावी ओळ लिहिली. जी जी ओळ टाकशील ती दुसऱ्या फाइलीत लिही, सोबत मूळ मजकुरात ती कितवी होती तो क्रमांकही लिही.

धान्य निवडताना आजी सूप आणि चाळणी दोन्ही घेऊन बसायची. चाळणी आकार पाहते, सूप वजन पाहते. शेवटी ती परातीत धान्य पसरून बोटाने एकेक खडा वेचायची, आणि वेचलेले फेकून न देता अंगणाच्या कडेला टाकायची. तिथे चिमण्या यायच्या, कारण तिच्याही बोटांना चार दाणे चुकून खड्यांबरोबर जायचे. मी टाकलेल्या ओळींची फाइल त्याच हेतूने उघडली, की चार दाणे गेले असतील तर परत आणावेत. गेले होतेच. पांडवलेण्यांच्या वर्णनातल्या, एका शब्दापाशी तुटलेल्या काही ओळी नमुन्यात बसून गेल्या होत्या, त्या क्रमांक पाहून जागेवर नेऊन ठेवल्या.

मग उरलेली फाइल वरपासून खाली वाचत गेलो. समासातली ती बारीक नावे, ज्यांच्यामुळे वाक्ये मोडत होती, आता एकाखाली एक लागली होती. भूवर्णन, उत्पन्न, लोक, शेती, व्यापार, इतिहास, जमीन, न्याय, आरोग्य, आणि शेवटी एकेक गाव आपापल्या वर्णानुक्रमाने. प्रत्येक नावापुढे क्रमांक. खंडाच्या सुरुवातीच्या अनुक्रमणिकेपेक्षा ही यादी कितीतरी बारीक होती. मी तिची प्रत छापून गॅझेटियरच्या पुठ्ठ्याच्या आत खोचून ठेवली आहे. आता मांडीवर पुस्तक घेतो तेव्हा आधी ती उघडतो.